सौर झटका मशीन, दीड एकर मारवेल आणि चार गाई: दीड वर्ष वापरल्यावर

२०२४ च्या जूनमध्ये मी सोलापुरातून बारा व्होल्टचं सौर झटका मशीन आणलं, म्हणजे उन्हावर चालणारं, कुंपणाच्या तारेत झटका सोडणारं. आमच्या भागात हे मशीन घेतात ते रानडुकरासाठी, मक्याला नाहीतर भुईमुगाला. मी घेतलं गाई चारायला. चार गाईंना रोज दोन गुंठे गवत मोजून द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी तार पुढं सरकवायची, एवढंच काम त्याच्याकडून हवं होतं. दोन पावसाळे गेले, म्हणून आता लिहिते. मशीन कसं आहे ते सांगतेच, पण आधी दुधाचा हिशेब सांगते, कारण मशीन घेतलं ते त्या हिशेबापायी.

आमचं गाव उत्तर सोलापूर तालुक्यात, बार्शी रस्त्याला, नान्नजच्या अलीकडं. रान मुरमाड. बोअर एकच, तेही फेब्रुवारीनंतर अर्धा तास चालून दम टाकतं. गोठ्यात तीन एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) संकरित आणि एक जर्सी, ती सोनी. आमचे मालक ट्रकवर असतात, महिन्यातले आठ दिवस घरी. गोठा माझा आणि अत्याबाईंचा. दर दहा दिवसांनी डेअरीचा पगार होतो, त्या रात्री मी वही काढते. डाव्या पानावर दूध, फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ. उजव्या पानावर पेंड, विकतची वैरण, मजुरी, डॉक्टर. २०१९ पासून एक पगार चुकवलेला नाही.

त्या वहीनंच मला हलवलं. २०२३ चा ऑगस्ट कोरडा गेला, उजनी धरण पूर्ण भरलं नाही. ऊस कमी म्हणजे वाढं, उसाचे हिरवे शेंडे, कमी, आणि वाढं कमी झालं की कडब्याच्या शंभर पेंढ्यांचा दर आपल्यासारख्याला परवडत नाही. त्यात दुधाचा दर पडला. २०२४ मध्ये सरकारला गाईच्या दुधाला लिटरमागं आधी ५ आणि ऑक्टोबरपासून ७ रुपये अनुदान जाहीर करावं लागलं, तेही ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या निकषावर. माझं दूध ३.४ फॅटवर अडकलेलं. दर वाढवणं आपल्या हातात नाही, हे मान्य केलं आणि मी फक्त उजवं पान बघायला लागले. लिटरभर दूध काढायला गाईच्या पोटात किती रुपये घालतो? बाकी सगळी चर्चा त्याच्यानंतरची.

गवत आमच्याकडं होतं. २०२१ च्या पावसाळ्यात पडीक साठ गुंठ्यांत मारवेल लावलं होतं, राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं वाण, ठोंब आणून. मुरमाड रानात ते असं धरलं की बघत राहावं. पण आम्ही ते कापून आणत होतो. विळ्यानं कापा, भारा बांधा, डोक्यावर आणा, कुट्टी करा, गव्हाणीत टाका, उरलेलं उचला, शेण भरा, ट्रॉलीनं परत त्याच रानात नेऊन टाका. कापायला रोज अर्ध्या दिवसाची मजुरी. गाईला चार पाय आणि एक जबडा देवानं दिलाय, आणि तिच्या वाटणीचं काम आम्ही मजुरी देऊन करून घेत होतो.

न्यूझीलंडमध्ये गाई वर्षभर बाहेर गवतावर असतात, हे भाच्यानं मोबाइलवर दाखवलं. तिथले शेतकरी कुरणाचे पट्टे पाडतात, एका तारेनं गाई एका पट्ट्यात अडवतात, खाऊन झालं की तार पुढं. झटक्याचं हे कुंपण पुढं आणणाऱ्यांत तिथलाच, हॅमिल्टनकडचा बिल गॅलाघर, १९३० च्या दशकातला. त्यांचा सगळा धंदा एका गोष्टीवर उभा आहे: गाईनं स्वतः चरलेलं गवत हे सगळ्यांत स्वस्त खाद्य. गाई विण्याचा हंगामसुद्धा ते गवताच्या हंगामाला जुळवून घेतात. तिथं पाऊस वेगळा, ऊन वेगळं, आमच्या सोलापूरसारखा एप्रिल तिथं नाही. तरी पावसाळ्यातले पाच महिने आपल्याला हे जमेल, असं मला वाटलं.

खर्च सांगते. मशीन, चाळीस वॅटची सौर पाटी आणि बॅटरी मिळून ११,५००. बाहेरच्या कडेला दोन पदरी क्लच वायर १,९००. तिचे इन्सुलेटर १,२००. खांब जुने होते. आतल्या सरकत्या पट्ट्यासाठी पॉलीवायरची दोन रिळं २,४००. ही म्हणजे प्लॅस्टिकच्या दोरीत स्टीलचे केसासारखे बारीक धागे विणलेले असतात, हलकी, हातानं गुंडाळता येते. ती धरायला तीस सळया गावातल्या वेल्डरकडून करून घेतल्या, वर डुकराच्या शेपटीसारखा पीळ आणि त्यावर पाइपचा तुकडा, ९० प्रमाणे २,७००. अर्थिंग १,३००. रानात पाण्याचा टब आणि पाइप १,६००. एकूण २२,६००.

रान ३३० फूट लांब, १९८ फूट रुंद. अकरा फुटांचा एक पट्टा धरला की बरोबर दोन गुंठे होतात आणि तीस पट्टे पडतात. म्हणजे पहिल्या पट्ट्यात गाय परत येते एकतिसाव्या दिवशी. पावसाळ्यात मारवेलला तेवढी विश्रांती पुरते. थंडीत पुरत नाही, तेव्हा मी पट्टा अर्धा करते आणि गोठ्यातली वैरण वाढवते. माझा नियम सोपा: गवत गुडघ्याला लागल्याशिवाय गाय आत नाही, आणि वीतभर राहिलं की गाय बाहेर. त्याखाली खाऊ दिलं तर ठोंब मरतं. पहिल्या वर्षी लोभापायी दोन पट्टे मुळापर्यंत खाऊ दिले, ते अजून भरले नाहीत.

मशीनच्या कामाविषयी. साधारण सेकंदाला एक झटका, तोही क्षणभराचा. व्होल्टेज हजारांत असतं, पण वेळ इतका कमी की जनावर दचकतं, त्याला इजा होत नाही. डब्यातून टक्, टक्, टक् आवाज येत राहतो. रात्री अंथरुणातून ऐकू आला की जिवाला बरं वाटतं. गाईंना शिकवायला चार दिवस लागले. पहिल्या दिवशी सोनी तारेजवळ गेली, मान खाली, ओलं नाक पुढं करून तिनं वास घेतला. झटका बसला तशी चारी पायांवर मागं उडाली, शेपटी वर करून कोपऱ्यात जाऊन उभी राहिली आणि तिथून तारेकडं बघत राहिली. अत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "मुक्या जिवाला धाक कशाला गं? मी बसते की राखणीला." मी म्हटलं, "अत्याबाई, तुमचे गुडघे बसू देतील का चार तास?" त्या गप्प झाल्या, पण आठ दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. आता रोज सकाळी रिळाची मूठ त्याच फिरवतात. रिळाची करकर ऐकली की चारही गाई तारेला फूटभर सोडून ओळीनं उभ्या राहतात, तार उचलली की आत. पंधरा मिनिटांचं काम. सहाला धार, साडेसहा ते दहा रानात, उन्हात गोठ्यात पंख्याखाली, पाचनंतर परत. एचएफला दुपारचं ऊन सोसत नाही, त्यामुळं दिवसभर चराई आपल्याकडं डोक्यातून काढून टाका.

आता जे वाईट झालं ते. दुकानातून आलेल्या माणसानं अर्थिंगला दीड फुटाची एकच सळई ठोकली आणि "ताई, एवढी बास" म्हणून गेला. पावसाळाभर चाललं, कारण जमीन ओली होती. झटका तारेतून गाईत, गाईच्या पायांतून जमिनीत आणि जमिनीतून अर्थिंगच्या सळईनं परत मशीनमध्ये, असा फेरा पूर्ण झाला तरच बसतो. जमीन वाळली की फेरा तुटतो. डबा टक्टक् करत राहतो आणि तार मेलेली असते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

२८ ऑक्टोबर २०२४, वसुबारस. संध्याकाळी गाई ओवाळायच्या म्हणून मी ताट करत होते. शेजारच्या भाऊजींचा पोरगा पळत आला, सोनी त्यांच्या ज्वारीत शिरली होती. हस्तात पेरलेली मालदांडी, गुडघ्याला येईल एवढी कोवळी. कोवळी ज्वारी म्हणजे किराळ, जनावराला विषबाधा, हे आमच्यात लहान पोरालाही माहीत आहे. मी पोचले तेव्हा ती थरथरत होती, तोंडाला फेस, श्वास लागलेला, आणि मी ओठ उलटून बघितला तर हिरड्या लालभडक. डॉक्टर नशिबानं शेजारच्याच वस्तीवर होते. शिरेतून इंजेक्शन दिलं. तिचं डोकं मी मांडीवर घेऊन बसले होते, सणाचं लुगडं चिखलात. साडेआठच्या पुढं तिनं कान हलवला. वाचली. वहीत त्या पगाराच्या उजव्या पानावर "किराळ, डॉक्टर आणि भाऊजींची ज्वारी: २,४००" असं लिहिलंय. भाऊजी पैसे घेत नव्हते, मीच दिले.

त्यानंतर मी मशीन विकायला काढलं होतं. पण वही बघितली आणि थांबले. दोष मशीनचा नव्हता, बसवण्याचा होता. चार-चार फुटांच्या तीन जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, सळया घेतल्या, दहा फुटांच्या अंतरानं हौदाच्या सांडपाण्याजवळ ठोकल्या, कोळसा आणि मीठ घातलं, तिन्ही एका तारेनं जोडल्या. तिथं बारा महिने ओल असते. शिवाय बाहेरच्या दोन पदरांतला खालचा पदर अर्थिंगला जोडला, म्हणजे जमीन वाळली तरी दोन्ही तारांना अंग लागलं की झटका बसतोच. आणि तारेतलं व्होल्टेज दाखवणारा दिव्यांचा टेस्टर घेतला. आधी मशीनजवळ आठ हजार व्होल्ट असायचं आणि शेवटच्या कोपऱ्यात तीन हजारांचा दिवाही लागत नव्हता. आता शेवटच्या कोपऱ्यात सहा हजार दाखवतं. गाईला तीन हजारांच्या खाली तार देऊ नये. मशीन घेणाऱ्यानं टेस्टर त्याच दिवशी घ्यावा, त्याशिवाय गाय रानात सोडू नये. पावसाळ्यात गवत वाढून तारेला टेकतं आणि झटका गवतातून जमिनीत जिरतो, म्हणून दर पंधरा दिवसांनी तारेखालचं गवत काढावं लागतं. आणि एक गोष्ट हात जोडून सांगते: मशीन बंद पडलं म्हणून घरातली लाइट थेट तारेला जोडू नका. दरवर्षी आपल्या राज्यात त्यानं माणसं जातात. तो सलग करंट, सोडत नाही.

आता हिशेब. ताडून बघायला मी २०२२ चा ऑगस्ट आणि २०२५ चा ऑगस्ट घेतला, दोन्हींत पाऊस बरा होता. २०२३ घेतला असता तर मशीनला उगाच मोठेपणा मिळाला असता. दोन्ही महिन्यांना पेंड, मजुरी, दूध सगळ्याला आजचाच दर लावला. २०२२ मध्ये चार गाईंचं रोज ४४ लिटर दूध. पेंड दिवसाला १८ किलो, ३० च्या दरानं महिन्याला १६,२००. मजुरी ६,०००. विकतचा मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेला हिरवा चारा, आणि वाढं ६,०००. एकूण २८,२००, म्हणजे लिटरमागं २१ रुपये ३६ पैसे. २०२५ मध्ये दूध उतरलं, रोज ३९ लिटर. पेंड १५ किलो, १३,५००. मजुरी १,५००, ती नेपियर, म्हणजे हत्तीगवत, कापायची. विकतची वैरण ३,५००. एकूण १८,५००, लिटरमागं १५ रुपये ८१ पैसे.

गावात हे सांगितलं की लोक ३९ वर अडकतात. रोजचं पाच लिटर दूध गेलं, महिन्याला दीडशे लिटर, ३३ च्या दरानं ४,९५० रुपये. मान्य. पण खर्च ९,७०० नं उतरला. हातात ४,७५० जास्त राहिले, दूध कमी होऊन. गाईनं किती दूध दिलं यावर आपण गावात मान मोजतो. माझ्या मोठ्या दिराच्या गोठ्यात वीस लिटरची गाय आहे, तिचं कौतुक सगळा गाव करतो, पण तिच्या पेंडीचं बिल कुणी विचारत नाही. माझं फॅट ३.४ वरून ३.६ झालं, त्याचा फायदा मी यात धरलेला नाही. उलट बाजूला, शेण रानातच पडतं म्हणून वर्षाला शेणखताची एक ट्रॉली कमी विकते, तेही धरलेलं नाही. पण मारवेलला युरिया घालणं बंद झालं. माझी सकाळची दोन तासांची कापणी गेली. तिला वहीत रकाना नाही, पण मनगट रात्री ठणकत नाही हे मला कळतं.

महिन्याला ४,७५० या चालीनं २२,६०० फिटायला पाच महिने लागायला हवे होते. पहिल्या हंगामात फिटले नाहीत. सुरुवातीचे तीन आठवडे गाईंना चरायचं कसं तेच कळत नव्हतं, दावणीला जन्मलेल्या गाई, आणि दूध ३४ पर्यंत आलं होतं. त्यात किराळाचा खर्च. पैसे पूर्ण निघाले ते २०२५ च्या ऑगस्टच्या शेवटच्या पगाराला.

लगेच सप्टेंबर आला आणि सीना नदीला महापूर. आमचं मारवेल माळावर, ते वाचलं. ओढ्याकाठचं नेपियर पाण्याखाली कुजलं. सलग पावसात मी अकरा दिवस गाई रानात सोडल्याच नाहीत, कारण ओल्या रानात खुरांनी ठोंब उपटतात. त्या अकरा दिवसांत विकतच्या मुरघासानं महिन्याची सगळी बचत खाल्ली. ज्यांचं रान काळं, पाणी धरणारं आहे, त्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. मुरमाडावर दुसऱ्या दिवशी पाय टेकता येतो, काळ्या रानात आठ दिवस नाही. आणि फेब्रुवारी ते जून आमच्याकडं गवत झोपलेलं असतं, तेव्हा गाई गोठ्यात मुरघासावर आणि कडब्यावर. मशीन मात्र उन्हाळी भुईमुगाला डुकरासाठी लावते, त्यामुळं ते पडून राहत नाही.

दुकानाच्या सेवेवर मी नाराज आहे. अर्थिंगचं वर लिहिलंच. २०२५ च्या मेमध्ये बॅटरी फुगली. वॉरंटीत होती, तरी "ऊन जास्त लागलं, ते कंपनीत बसत नाही" म्हणून तीन खेपा घालायला लावल्या आणि शेवटी नवी मलाच घ्यावी लागली, २,८००. सोलापूरच्या उन्हात वापरायचं मशीन सोलापूरच्या दुकानात विकताना ऊन आधी सांगायला हवं. मी आता बॅटरीचा डबा लिंबाखाली विटांवर ठेवलाय, हवा खेळती राहील असा, आणि पाटीवरची धूळ आठवड्याला ओल्या फडक्यानं पुसते. मशीन स्वतः दीड वर्षात एकदाही बंद पडलं नाही. पॉलीवायर दोनदा तुटली, दोन्ही वेळा काळविटांनी, रात्री कळप आडवा गेला. गाठ मारताना आतले स्टीलचे धागे एकमेकांना टेकवून पिळावे लागतात, नुसती गाठ मारली तर पुढं झटका जात नाही.

ज्यांच्याकडं गवत आधीच उभं आहे आणि कापायची मजुरी बाहेर जाते, त्यांनी घ्यावं. गवत नसेल तर आधी ठोंब लावा, एक वर्ष थांबा, मग तारेचा विचार करा. दहा-पंधरा गाई आणि दोन एकर रान असेल तर हे काम देणार नाही, कारण गवत पुरणार नाही आणि महिन्याभरात रानाचा माळ होईल. मला स्वतःला पाच गाई नकोत. साठ गुंठ्यांचं पोट चारच गाईंचं आहे.

मी सध्या मागं लागले आहे ते विण्याच्या महिन्याच्या. आमच्या गाई वाटेल तेव्हा वितात, आणि ऐन एप्रिलात, वैरण सगळ्यांत महाग असताना, ताजी व्यालेली गाय पोसावी लागते. गाय साधारण २८० दिवसांनी विते. सप्टेंबर-ऑक्टोबरात भरवली तर जून-जुलैत विणार, म्हणजे भाकडकाळ उन्हाळ्यात जाईल आणि भरात दूध असताना गवत फुकटाचं. चारही गाई अशा जुळवता येणार नाहीत, दहा दिवसांचा पगार बारा महिने लागतो. दोन जुळवायच्या ठरवल्यात. एकीनं दोनदा उलटा माज दाखवला, म्हणजे भरवूनही गाभण राहिली नाही. सोनी २ ऑक्टोबरला भरवली, डॉक्टरांनी तपासून गाभण सांगितलीय, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात विणार. त्याआधी जूनमध्ये, पहिला पाऊस पडला की, त्या दोन मेलेल्या पट्ट्यांत अत्याबाई आणि मी पुन्हा ठोंब लावणार आहोत.